तो गोबरा माझ्या ओळखीचा होता

सोमवारी सकाळी माहीमला चर्चगेट गाडी पकडली. दाराशी टेकून उभं राहण्यापुरती जागा मिळाली म्हणून फोन काढला, तर डायव्हिंगच्या ग्रुपवर रविवारचे फोटो येऊन पडले होते. तिसऱ्या फोटोत एक तरुण होता. मुंबईचाच, आमच्याबरोबर दोनदा पाण्यात उतरलेला. अंगात काळा वेटसूट, उजव्या हातात स्पिअरगन, म्हणजे पाण्याखाली भाला सोडणारी बंदूक, आणि डाव्या हाताची बोटं कल्ल्यात खुपसून मासा छातीपर्यंत उचलून धरलेला. मागे सिंधुदुर्गाची तटबंदी. खाली दोनच शब्द, 'संडे कॅच'. माझ्याआधी बऱ्याच जणांनी अंगठे देऊन झाले होते.

मी फोटो मोठा केला. माशाच्या वरच्या ओठाला उजवीकडे एक पांढरट चीर होती, गळाला लागून सुटलेल्या माशाला राहते तशी. शेपटीचा खालचा कोपरा झिजलेला. डोळ्याच्या जरा मागे भाला आरपार गेल्याचं भोक.

हा गोबरा मी चार सीझन बघत आले होते.

मालवणला किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला आठ-नऊ मीटरवर एक खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, आहे. त्याच्या पोटाला टेबलाखाली असते तेवढी पोकळी. पाणी गढूळ असलं तर खडप दिसायच्या आधी त्याचं तोंड दिसायचं. जाडसर ओठ, अंगावर विटकरी ठिपके, आणि डोळे सतत आपल्यावर. पहिल्या वर्षी तो आत सरकायचा. दुसऱ्या वर्षी जागेवर थांबला. गेल्या जानेवारीत भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते दिवस होते, पाणी निवळ होतं, तेव्हा तो बाहेर येऊन माझ्या हातापासून दोन फुटांवर तरंगत राहिला. तोंड उघडं टाकलेलं, आणि बोटभर लांबीचे मासे त्याच्या कल्ल्यांत शिरून साफसफाई करून बाहेर येत होते. माझ्या टाकीतली हवा उतरत चालली होती आणि मला वर जावंसं वाटत नव्हतं.

ट्रेनमध्ये मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं गं?" मी काही सांगू शकले नाही. आज सांगते आहे.

आधी एक स्पष्ट करते. मी मासे खाणारी बाई आहे. आमच्या घरी बुधवार, शुक्रवार, रविवार माशाशिवाय जात नाहीत. माझे आजोळचे लोक देवगडचे. त्यामुळे 'मासा मारला म्हणून एवढा गळा काढते' असं म्हणू नका. खायला मासा पकडणं आणि अभयारण्यात घुसून शिकार करणं यांतला फरक मी मासे खाते म्हणूनच मला जास्त कळतो.

हो, अभयारण्य. ग्रुपवर तीन जणांनी मला खासगीत विचारलं, "तिकडे अभयारण्य आहे?" दर हिवाळ्यात कोकणकन्येने कुडाळला उतरून मालवण गाठणाऱ्या लोकांना हे माहीत नाही! मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. महाराष्ट्रातलं पहिलं सागरी अभयारण्य. क्षेत्र साधारण २९ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या एक तृतीयांशाहूनही कमी. त्यातला गाभा तर तीन चौरस किलोमीटरच्या जेमतेम वर, किल्ल्याच्या आसपासचा. आणि लागू कोणता कायदा? नॅशनल पार्कला लागू तोच, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्याच्या २९व्या कलमानुसार अभयारण्यातल्या वन्यजीवाला परवान्याशिवाय मारता येत नाही, पकडता येत नाही, त्याची राहती जागा बिघडवता येत नाही. या कायद्यातल्या 'प्राणी' या शब्दात मासेही येतात.

आता कल्पना करा, कोणी बोरिवलीला बंदूक घेऊन गेला, चितळ मारलं, शिंगं धरून फोटो काढला आणि 'संडे कॅच' लिहून ग्रुपवर टाकला. अंगठे दिले असते का आपण? पोलिसांत गेलो असतो, टीव्हीवाल्यांना फोन केले असते. माशाला आवाज नाही, डोळे मिटत नाहीत, रक्त पाण्यात विरून जातं. एवढ्यावर आपण त्याला जनावर मानायचं सोडून देतो.

दुपारी मी ग्रुपवर लिहिलं. बरीच उत्तरं आली. एकाने लिहिलं की भाल्याची मासेमारी ही सगळ्यांत शाश्वत पद्धत आहे. जाळ्यात नको ती पिल्लं अडकतात, भाल्याने हवा तो एकच मासा घेता येतो. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. उघड्या समुद्रात, एका दमात खाली जाऊन, घरी खाण्यापुरता मासा घेणाऱ्या माणसाचं जाळ्यापेक्षा नुकसान कमी, हे खरंच आहे. पण खडपावर काय होतं? हवा तो एकच, म्हणजे कोणता? सगळ्यांत मोठा. फोटोत भरतो तो.

आणि गोबऱ्याच्या बाबतीत नेमका तोच घात आहे. हा मासा आधी मादी असतो. अंडी घालतो, वाढत राहतो, आणि बऱ्याच वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, त्यांतले काही नर होतात. म्हणजे खडपावरचा सगळ्यात दांडगा गोबरा हा बहुतेक वेळा तिथला नर, नाहीतर सगळ्यात जास्त अंडी घालणारी मादी. तो एक उचलला की मागे राहिलेल्यांची वीणच अडखळते. शिवाय हा मासा भटक्या नाही. बांगडा आज इथे तर उद्या तिथे. गोबरा एका कपारीला धरून वर्षानुवर्षं राहतो, आणि स्वभावाने चौकस. आपण खाली गेलो की बघायला बाहेर येतो. त्याला शोधायला कौशल्य लागत नाही, पत्ता माहीत असला की झालं. आणि पत्ता आम्हीच देतो. त्या खडपाचा व्हिडिओ मी स्वतः दोन वर्षांपूर्वी टाकला होता, किल्ल्याचा कुठला बुरूज समोर धरून जायचं ते सांगून. हे सोमवारपासून डोक्यातून जात नाहीये.

त्यात स्कूबाची टाकी असेल तर विषयच संपला. क्वीन्सलंडमध्ये, फ्रान्समध्ये, स्पेनमध्ये, इटलीत टाकी लावून भाला चालवायला कायद्याने मनाई आहे. दम रोखून जाणाऱ्याला वर यावंच लागतं, तेवढ्यात मासा सुटतो. टाकीवाला पाऊण तास खाली बसू शकतो. रात्री टॉर्च घेऊन उतरला तर पोपट माशांच्या काही जाती अंगाभोवती स्वतःच्याच चिकट स्रावाचं आवरण करून कपारीत झोपलेल्या असतात, हाताने उचलाव्यात इतक्या गाढ. दिवसभर हेच मासे खडपावरचं शेवाळ खरवडून खातात, म्हणून प्रवाळाला वाढायला जागा मिळते.

दुसरं उत्तर आलं: "आधी ट्रॉलर आणि एलईडीवाले बघा." बघतेच आहे. एलईडी दिवे लावून मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, आणि रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की त्या बंदीचं काय झालंय ते दिसतं. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांनी त्यासाठी मोर्चे काढले, उपोषणं केली. त्यांची लढाई मोठी आहे. पण ज्याने आयुष्यात एकदाही त्या मोर्च्याला पाठिंबा दिला नाही, त्याने आपली स्पिअरगन लपवायला ट्रॉलरची आड घेऊ नये. खवळून लिहिते आहे, माफ करा.

कारण मला आठवतात ते आमचे तांडेल काका. गेली आठ वर्षं आम्ही त्यांच्या होडीने जातो. अभयारण्य आलं तेव्हा ते विशीत होते. गावाचा विरोध होता, आजही पुरता मावळलेला नाही, आणि त्याला कारण आहे: पोट. ज्या पाण्यावर वाडवडिलांनी जाळं टाकलं तिथे एक दिवस सरकारी रेघ ओढली गेली. त्यांना मी फोन केला, फोटोचं सांगितलं. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "आमका थंय जाळा टाकूक मेळणा नाय. आणि ह्ये मुंबयसून येवन बंदुकेन मारून जातत. मगे आमी कित्याक गप ऱ्हवाचा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?

याच किनाऱ्यावरचे मच्छीमार जाळ्यात कासव किंवा बहिरी मोरी, म्हणजे तो देवमाशासारखा प्रचंड ठिपकेदार शार्क, अडकला तर स्वतःचं जाळं कापून त्याला सोडतात. २०१८च्या अखेरीपासून वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग त्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतात. पण जाळं कापायचा निर्णय भर समुद्रात घ्यावा लागतो, आणि कापलं की त्या दिवसाची कमाई गेलीच. हातावर पोट असलेला माणूस हे करतो. आणि आपल्याला रविवारचा एक फोटो सोडवत नाही.

मंगळवारी संध्याकाळी सिटीलाइटच्या बाजारात गेले. माझी नेहमीची मासेवाली मावशी तिथे बसते, त्यांच्या घरातली ही तिसरी पिढी. तिला फोटो दाखवला. तिने ओल्या बोटाने फोन धरला, डोळे बारीक केले. "हेकरू," म्हणाली. मालवणात गोबरा, आपल्याकडे हेकरू. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हा खाल्ला की नुसता काढला?" मला माहीत नव्हतं. ती पापलेट उलटंपालटं करत म्हणाली की तिच्या सासूच्या टोपलीत एवढाले हेकरू यायचे, आणि तिने कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. आता वर्षाला दोन आले तर आले. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात, घरात पैसा नसतो, तरी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय तिच्या घरातलं कोणी दर्यात जात नाही. "आमचा दर्याबरोबर हिशोब असतो," ती म्हणाली. बाकी काही बोलली नाही, गिऱ्हाईक आलं होतं.

आणखी एक गोष्ट, आणि ही आपल्या सगळ्यांना लागू आहे. किल्ल्यापाशी स्नॉर्कलिंगला नेतात तेव्हा पाण्यात पाव कुस्करून टाकतात. मासे थव्याने येतात, लोक खूश, व्हिडिओ छान. मीही पूर्वी टाकला आहे. पाव हे त्यांचं अन्न नव्हे, हे एक झालं. पण त्याहून वाईट म्हणजे त्यांना आपण शिकवतो की माणूस आला की भ्यायचं नाही. जगात ठिकठिकाणी अभ्यासकांनी मोजून बघितलं आहे: जिथे भाल्याने शिकार चालते तिथले मासे माणसाला लांबूनच बघून पळतात, आणि जिथे मनाई खरोखर पाळली जाते तिथे जवळ येऊ देतात. आपण त्यांना जवळ यायला शिकवलं आणि मग आपल्यातलाच एक बंदूक घेऊन उतरला. तो गोबरा पळाला नसणार. मला खात्री आहे, तो बघायला बाहेर आला असणार.

त्या मुलाशी मी बोलले. त्याचं नाव इथे नाही, ज्या बोटीने त्याला नेलं तिचंही नाही. तो वाईट मुलगा नाही. गन ऑनलाइन मागवली, परदेशातले व्हिडिओ बघून शिकला. कोणी अडवलं नाही, कोणी विचारलं नाही. फोटो काढून टाकतो म्हणाला. मी म्हटलं, फोटो काढून काय होणार? त्याला ओठावरच्या चिरेबद्दल सांगितलं. तो गप्प झाला. नंतर म्हणाला, "ताई, मला वाटलं मासाच आहे."

कायद्याने काही होत नाही असं कृपा करून म्हणू नका. २०२० साली कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीला प्रवाळ सापडलं, तेव्हा एवढ्या मोठ्या प्रकल्पालाही परवानगी घेऊन, शास्त्रज्ञ बोलावून त्या वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या. मुंबईच्या त्या काळ्या पाण्यातलं तळहाताएवढं प्रवाळ! कायदा आहे. आपण कोणी त्याचं नाव घेत नाही, एवढंच. वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये सेव्ह करा. अभयारण्यात कोणाच्या हातात भाला दिसला तर तारीख, वेळ, जागा सांगा. आणि असा फोटो ग्रुपवर आला तर अंगठा देऊ नका, तिथेच, सगळ्यांसमोर विचारा की हा कुठे मारला.

बोटवाल्यांना आणि डायव्ह सेंटरवाल्यांना हात जोडून सांगणं आहे. आम्ही पैसे मोजून येतो ते जिवंत मासे बघायला. बॅगेत गन असलेल्या गिऱ्हाईकाला नाही म्हणा. एक गिऱ्हाईक जाईल, आम्ही दहा जण तुमच्याकडेच येऊ, आणि हे मी ग्रुपवर लिहूनही टाकलंय.

पुढच्या भांगाला आम्ही सहा जण जातोय. होडीत चढायच्या आधी धक्क्यावर प्रत्येकाची बॅग उघडायची असं ठरलंय, सुरुवात माझ्यापासून. पाव कोणी आणणार नाही. तांडेल काकांना कालच कळवलं. "बरां," म्हणाले, "आणि त्या पोराक पण घेवन येवा." त्याला विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.