सैंधव मिठाबद्दल मीच पाठवलेल्या मेसेजचा खुलासा

परवा आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर मी एक मेसेज पाठवला होता: सैंधवात सोडियम नसतं, म्हणून बीपीवाल्यांनी ते हवं तेवढं खावं आणि आयोडीनचं मीठ बंद करावं. ते चुकीचं आहे. न तपासता पाठवलं, मनापासून माफी मागते.

काल घरातल्या सैंधवाच्या पुडीची मागची बाजू वाचली. १०० ग्रॅममध्ये सोडियम ३८ ग्रॅमच्या आसपास! साध्या मिठातही जवळपास तेवढंच असतं. सैंधव म्हणजे खाणीतून काढलेलं सोडियम क्लोराइडच. गुलाबी छटा लोहाच्या अंशामुळे येते, पण तो इतका थोडा की हिमोग्लोबिनला त्याचा उपयोग नाही. उपासाच्या बटाट्याला मात्र खुशाल घाला.

मला जास्त काळजी आयोडीनची वाटते. गलगंड टाळायला आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ नीट व्हायला ते लागतं. सैंधवात ते सहसा घातलेलं नसतं. घरात कुणी गरोदर असेल तर आयोडीनचं मीठ मुळीच बंद करू नका.

बीपीसाठी मीठ बदलून भागत नाही, कमी करावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, तोही लोणचं-पापड धरून. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

जुना मेसेज मी काढलाय. तुम्ही तो पुढे पाठवला असेल, तर कृपया तिथेही हा खुलासा टाका.