‘शंकानिरसन सत्रे उपलब्धतेनुसार घेतली जातील’

गेल्या जूनमध्ये मुलाला अकरावीच्या जेईईच्या क्लासला घातलं. फी दीड लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २७ हजार. एवढ्या रकमेचा चेक फाडण्याआधी मी प्रवेशाचा फॉर्म वाचायला मागितला, तर काउन्सेलर मॅडम माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू लग्नाच्या पंगतीत बसून मी ताटातला भात चिवडून बघतोय. “सर, नॉर्मल टर्म्स आहेत. सगळे पॅरेंट्स सही करतात.”

चार पानं होती. बारीक टाइप. मी खिशातून चाळिशी काढली तशी बायको हळूच म्हणाली, “अहो, मागे लाइन लागलीय.” लागू दे.

फॉर्ममध्ये काय काय होतं म्हणाल तर सगळं होतं. हप्ता चुकला तर दिवसाला किती दंड, हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली तर टेस्टला बसू देणार नाही, मोबाइल सापडला तर जप्त. फी ‘कोणत्याही परिस्थितीत’ परत मिळणार नाही. बॅच, वेळ आणि शिक्षक कधीही बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाचा. मुलाचा फोटो जाहिरातीत वापरायला आमची आत्ताच परवानगी (मुलगा अजून पहिल्या लेक्चरलाही बसलेला नाही!). आणि वाद झालाच तर न्यायक्षेत्र परराज्यातल्या एका शहराचं, जिथे मी आयुष्यात गेलेलो नाही.

आता गंमत बघा. त्यांच्या चकचकीत माहितीपत्रकावर एक अख्खं पान ‘अनलिमिटेड डाउट सॉल्व्हिंग, पर्सनल अटेंशन’ या गोष्टीला दिलेलं. एका मुलाशेजारी एक शिक्षक वाकून उभा, दोघेही हसतायत. त्याबद्दल फॉर्ममध्ये एकच ओळ सापडली: ‘शंकानिरसन सत्रे उपलब्धतेनुसार घेतली जातील.’

कुणाच्या उपलब्धतेनुसार? शिक्षकाच्या, खोलीच्या, की पोराच्या?

मला ही ओळ एवढी का टोचली ते सांगतो. इंजिनिअरिंग संपल्यावर नोकरी लागेपर्यंत मी सांगलीत एका क्लासमध्ये डाउट काउंटरवर बसायचो. दोन वर्षं बसलो. वरच्या हॉलमध्ये मोठे सर नव्वद पोरांना फिजिक्स शिकवायचे आणि खाली, जिन्याखालच्या जागेत, एक टेबल, दोन खुर्च्या आणि मी. संध्याकाळी साडेसात ते नऊ. लेक्चर सुटलं की त्यातली तीसेक पोरं खाली यायची. दीड तास आणि तीस पोरं, म्हणजे डोक्यामागे तीन मिनिटं.

उतरणीवरून घरंगळत येणाऱ्या सिलिंडरचं गणित घ्या. पोरगं म्हणतं, “सर, उत्तर येत नाही.” ते कुठे चुकलं हे शोधायला आधी त्याची वही बघावी लागते. घर्षणाची दिशा उलटी घेतलीय का, की सिलिंडरच्या फिरण्याचं समीकरणच लिहिलेलं नाही, की सगळं बरोबर आहे आणि शेवटी वजाबाकी चुकलीय? तिन्ही चुकांवरची औषधं वेगळी. त्याला बोलतं करून हे कळायला आठ-दहा मिनिटं सहज जातात. तीन मिनिटांत एकच गोष्ट करता येते: पेन घ्यायचं, भराभर गणित सोडवायचं, कागद त्याच्या हातात द्यायचा. पोरगं खूश, मी खूश, पुढचा नंबर. शंका जिथे होती तिथेच. मी दोन वर्षं बहुतेक वेळ हेच केलं आणि त्याचे पगार घेतले, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आणि रांगेत पुढे कोण असायचं? रोज तीच पाच-सहा पोरं, ज्यांना मुळात फारशी गरज नव्हती. त्यांना ‘सर, ह्याची दुसरी पद्धत’ हवी असायची. एक मुलगी मला अजून आठवते. रोज यायची, वही छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहायची, आणि साडेआठची एसटी गाठायची म्हणून आठ वाजून दहा मिनिटांनी निघून जायची. एकदा मी हाक मारून विचारलं तर म्हणाली, “झालं सर, मैत्रिणीनं सांगितलं.” काही झालं नव्हतं. तिच्या वडिलांनी फी मात्र पहिल्या बाकावरच्या पोराएवढीच भरली होती.

कॉलेजातही हेच पाहिलं होतं. आमच्या टाइमटेबलमध्ये आठवड्याला एक तास ‘ट्युटोरियल’ असायचं, वीस-वीसच्या बॅचला. कल्पना किती चांगली! लेक्चरला सत्तर-ऐंशी जण, पण निदान या तासाला वीसच, समोर बसून गणितं करायची, अडलं तर विचारायचं. प्रत्यक्षात ट्युटोरियल म्हणजे टर्मवर्कचे मार्क मिळावेत म्हणून दहा असाइनमेंटची फाइल. हुशार पोराची फाइल शुक्रवारी रात्री होस्टेलच्या तीन मजल्यांवर फिरायची आणि सोमवारी सगळ्या बॅचच्या फायलींत एकच चूक सापडायची. सरही सही करून मोकळे. त्या तासात नेमकं काय व्हायला हवं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, किती असाइनमेंट हव्यात एवढंच लिहिलेलं होतं. मग असाइनमेंट झाल्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की लाखभर रुपयांच्या करारात लेक्चरचे तास मोजून लिहिता, तसं डाउट सेशनचंही लिहा. लेक्चर आज यूट्यूबवर फुकट मिळतं, तेही चांगलं. पालक जे पैसे मोजतात ते आपल्या पोराची वही कुणीतरी उघडून बघावी म्हणून, आणि नेमकं तेच कागदावर नसतं. आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, एका वेळी जास्तीत जास्त किती मुलं? टेबलामागे कोण बसणार? जे शिकवतात तेच सर, की माझ्यासारखा नोकरीची वाट बघणारा कुणी? (असला तरी चालेल, पण सांगा.) सेशन रद्द झालं तर भरून कधी देणार? प्रश्न विचारून आठवडा झाला आणि उत्तर नाही, तर कुणाला गाठायचं? यात कुठली अवाजवी मागणी आहे? स्वयंपाकाच्या मावशींशीसुद्धा आपण किती पोळ्या, किती वाजता आणि खाडे किती हे ठरवूनच घेतो.

क्लासवाल्यांची बाजू मला माहीत नाही असं नाही. शंका सोडवणारा चांगला माणूस महाग पडतो आणि त्याचं काम दिसत नाही. चौकातल्या होर्डिंगवर रँक छापता येते, भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या मुलीचं सुटलेलं गणित छापता येत नाही. पण मग ‘अनलिमिटेड’ छापू नका ना.

कायद्याचं थोडक्यात, कारण पोस्ट लांबतेय. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला ५ तासांहून जास्त शिकवणी नको, आठवडी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको, बॅचमध्ये किती विद्यार्थी हे माहितीपत्रकात स्पष्ट हवं आणि मध्येच वाढवायचं नाही, कोर्स मधेच सोडला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत. या सूचना राज्यांसाठी आहेत, त्या दाखवून उद्या कुणाला दंड करता येईल असं समजू नका. पण काउन्सेलरच्या टेबलावर प्रिंट ठेवली की बोलण्याचा सूर बदलतो, हा स्वानुभव. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम केले. त्यानुसार यशस्वी विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायला त्याची लेखी संमती लागते, आणि तीही निवड झाल्यानंतर घेतलेली. म्हणजे ती ‘आत्ताच परवानगी’वाली ओळ बाद.

शाळा-कॉलेजांवर ग्राहक म्हणून दावा करणं अवघड आहे, पण कोचिंग क्लासचं तसं नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० च्या मनू सोलंकी प्रकरणात क्लासेस ग्राहक कायद्याखाली येतात असं म्हटलंय. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, त्यामुळे फॉर्मवरचं ते परराज्यातलं शहर बघून घाबरून जाऊ नका. भरलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला शुल्क नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. एवढं पुरे, मी वकील नाही.

मी कोर्टकचेरी केली नाही, मेल केला. वर लिहिलेले प्रश्न साध्या भाषेत विचारले आणि ‘उत्तर आल्यावर चेक देतो’ असं शेवटी लिहिलं. फॉर्म बदलायला ते तयार नव्हते, ‘तो हेड ऑफिसवरून येतो’. पण तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: आठवड्यातून दोन वेळा, दीड तास, एका शिक्षकामागे कमाल १५ विद्यार्थी, रद्द झाल्यास त्याच आठवड्यात बदली सेशन. टेबलावर कोण बसणार, यावर शब्द नाही. असो. जपून ठेवावा असा मेल होता, प्रिंट काढून पावतीच्या मागे टाचून ठेवला.

ऑगस्टमध्ये पोरगा म्हणाला, डाउटला चाळीस जण असतात, नंबरच येत नाही. मी तोच मेल वर दोन ओळी लिहून परत पाठवला. पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या खोलीत आणखी एक मॅडम बसायला लागल्या. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. फोनवर झालेलं बोलणं असतं तर ‘असं कोण म्हणालं सर?’ इथेच गाडं अडलं असतं.

पण खरी अडचण त्यानंतर कळली, आणि ती आमच्या घरातली होती. मॅडम आल्या, गर्दी कमी झाली, तरी हा दहा मिनिटांत परत. विचारलं तर म्हणे, “विचारून झालं.” वही बघितली. प्रश्नाला गोल केलेला, शेजारी प्रश्नचिन्ह, खाली कोरं पान. म्हणजे गणिताला हातच लावलेला नाही, थेट मॅडमपुढे वही सरकवली. मॅडमनी काय केलं असेल? जे मी सांगलीत करायचो तेच.

करार कायद्याने अठरा वर्षांखालचा मुलगा करार करू शकत नाही, म्हणून सही बापाची. पण डाउट सेशनमध्ये अर्धं काम तर त्याच सोळा वर्षांच्या पोराचं असतं आणि त्याला कुणी काही विचारलेलं नसतं. सांगलीत मी एकदाच हिंमत करून नियम केला होता की निदान चार ओळी स्वतः लिहिलेल्या असतील तरच वही बघेन. तिसऱ्या दिवशी एक पालक आले, “आम्ही फी भरलीय.” मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि नियम मोडीत निघाला. आता त्या पालकांच्या खुर्चीत मी बसलोय. मॅडमना मी स्वतः फोन करून सांगितलं की ह्याची कोरी वही असेल तर परत पाठवा, माझी तक्रार येणार नाही. त्या दोन क्षण गप्पच. मग म्हणाल्या, “सर, हे पण मेलवर द्याल का?”

दिला.