‘सागच घ्या, प्लाय टाळा’: स्क्रोल सॉच्या लाकडाविषयीच्या संदेशाचा प्रतिवाद

वडोदऱ्यातल्या हौशी सुतारकाम करणाऱ्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पात्याने वळणदार नक्षी कापणाऱ्या यंत्रकरवतीवर, जाळी, देव्हाऱ्याची कमान किंवा नावपाटी कापणाऱ्याने लाकूड कसे निवडावे, हे त्यात पाच वाक्यांत सांगून टाकले आहे: सागवान सर्वोत्तम, शिकताना मऊ पाईन घ्यावे, प्लाय शक्यतो टाळावा, घ्यायचाच तर मरीन (ओलाव्यात टिकणारा) घ्यावा, नाजूक नक्षीसाठी जाड फळी घ्यावी, आणि जुन्या वाड्याचे लाकूड मिळाले तर दुसरे काही पाहूच नये. प्रत्येक वाक्यात थोडे तथ्य आहे, त्यामुळे संदेश पटकन पटतो. मात्र नक्षीचा सर्वांत अरुंद भाग कोणता आणि तिथे लाकडाची रेषा, म्हणजे तंतू, कोणत्या दिशेने जाते, हा पहिला प्रश्न त्यात कुठेच विचारलेला नाही.

सागाच्या बाजूने गुजरातमधल्या संखेड्याच्या फर्निचरचा दाखला दिला आहे. संखेड्याचे झोपाळे आणि खुर्च्या सागाच्या असतात, हे खरेच. पण ते कातकाम, म्हणजे लाकूड लेथवर फिरवून केलेले काम आहे. तिथे गोल, भरीव दांडे कातले जातात आणि त्यावर लाखेचे रंग चढतात. स्क्रोल सॉचे काम याच्या उलट, म्हणजे फळीतून बहुतेक लाकूड काढून टाकून बारीक पट्ट्या शिल्लक ठेवण्याचे असते. सागात सिलिका असल्यामुळे पात्याची धार लवकर जाते, आणि ५ क्रमांकाचे पाते जेमतेम १ मिमी रुंद व ०.४ मिमी जाड असते, हे लक्षात घेतले की बोथट पाते ढकलताना वळण का चुकते आणि कड का करपते ते कळते. दारे-खिडक्यांसाठी सागाला तोड नाही, हे मान्य. बारीक जाळीसाठी मात्र शिवण किंवा हळदू या झाडांचे लाकूड अधिक सोयीचे: शिवण हलके आणि आकाराने स्थिर, तर हळदूची वीण बारीक व एकसारखी असल्याने कड स्वच्छ सुटते.

पाईनचा सल्ला नवशिक्यांच्या दृष्टीने सर्वांत वाईट आहे, असे माझे मत आहे. पॅकिंगच्या खोक्यांच्या पाईन फळ्या स्वस्त मिळतात आणि नखाने दाबल्या तर खळगा पडतो, म्हणून त्या सोप्या वाटतात. प्रत्यक्षात पाईनच्या वार्षिक वलयांत मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून येतात. पाते मऊ पट्ट्यात भरकन शिरते, कठीण पट्ट्याशी अडते आणि आखलेली रेघ सोडून पट्ट्याच्या कडेने घसरते. नवशिक्याला वाटते, आपलाच हात वळत नाही. शिकायला लाकूड मऊ असण्यापेक्षा एकसारखे असणे महत्त्वाचे आहे.

आता प्लायविषयी, कारण संदेशातला सर्वांत ठाम दावा हाच आहे आणि मराठी नावपाटी करणाऱ्याचे सर्वाधिक नुकसानही हाच करतो. ‘जोशी’ हे नाव अखंड सागाच्या ६ मिमी फळीतून कापायचे आहे, असे समजा. लाकडाची रेषा आडवी ठेवली तर शिरोरेषा भक्कम राहते, पण ‘जो’चा काना आणि ‘शी’ची वेलांटी यांच्या उभ्या दांड्यांमध्ये रेषा आडवी तुटते; ४ मिमी रुंदीचा दांडा घासताना बोटाच्या दाबानेही मोडू शकतो. फळी फिरवून रेषा उभी केली तर दांडे वाचतात आणि शिरोरेषा दोन अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत कटकन तुटते, आणि सगळे नाव तर तिलाच लटकलेले असते. वेलांटीची कमान दोन्ही दिशांनी वळत असल्यामुळे ती कशीही ठेवली तरी कुठेतरी कच्ची राहतेच. रफार असलेल्या आडनावांचे हाल तर विचारूच नयेत. देवनागरी अक्षराला आडवे आणि उभे असे दोन्ही बळ एकाच वेळी लागते, आणि ते बळ प्लायमध्ये असते, कारण त्याचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात. अखंड लाकडाचाच आग्रह असेल, तर अक्षरे मागच्या पाटीवर चिकटवावीत किंवा दांडे चांगले जाड ठेवावेत.

प्लायवरचा एक आक्षेप मात्र रास्त आहे: स्वस्त प्लायच्या आतल्या थरांत पोकळ्या असतात आणि नेमक्या नक्षीच्या कडेवर त्या उघड्या पडतात. यावरचा उपाय मरीन प्लाय नव्हे. आयएस ७१० या भारतीय मानकाखाली येणारा हा प्लाय ओलाव्यात टिकण्यासाठी आहे आणि त्याचा कठीण डिंक पात्याची धार लवकर घालवतो. दिवाणखान्यातल्या पाटीला त्या गुणाचा उपयोग नाही. दुकानात ताव कडेने नीट पाहावा, थर सलग असलेलाच घ्यावा, आणि परवडत असेल तर बर्च झाडाच्या लाकडाचा प्लाय घ्यावा. वरून रुंद चिकटपट्टी लावून कापले तर कड करपणेही कमी होते.

जाड फळीच्या सल्ल्याबद्दल फार लिहायला नको. जाडी वाढली की कापण्याचा वेग मंदावतो, पाते तापते व बाकते, आणि वरची नक्षी व खालची नक्षी जुळत नाही. आडव्या रेषेमुळे कच्चा झालेला दांडा जाडी वाढवून पुरेसा पक्का होत नाही. तिथे फळीची दिशा बदलावी किंवा दांडा रुंद करावा.

जुन्या लाकडाचा मोह मला समजतो. रावपुरा आणि दांडिया बाजार भागात जुनी घरे उतरवली जातात तेव्हा निघणाऱ्या तुळया वर्षानुवर्षे वाळलेल्या असतात, आणि वडोदऱ्याच्या कोरड्या उन्हाळ्यानंतर दमट पावसाळा सोसताना हा गुण उपयोगी पडतो. तरी ‘दुसरे काही पाहूच नये’ हे धोक्याचे आहे. एक तर आत मोडलेले खिळे असतात. कापण्याआधी सगळीकडून लोहचुंबक फिरवावे. दुसरे म्हणजे रंग. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या दारांच्या रंगात शिसे असू शकते, आणि घासताना उडणारी त्याची धूळ लहान मुलांसाठी विशेष घातक असते. त्यामुळे रंग न लावलेल्या तुळयाच घ्याव्यात, आणि रंगीत दार कितीही स्वस्त मिळाले तरी ते घरात घासायला आणू नये.