रंगावरून फळमाशी ओळखू नका

'फोटो स्वच्छ असला की पिवळ्या-काळ्या रंगावरून फळमाशी ओळखता येते' हे फळमाशीवरच्या एका लेखातलं वाक्य घात करणारं आहे. मावा खाणाऱ्या अळ्यांची सिरफिड माशीही पिवळी-काळीच, म्हणजे फवारणीत मित्रकीटकच मरायचा. पंख बघा. पेरूवरच्या डॉर्सॅलिस जातीच्या फळमाशीच्या पंखाच्या पुढच्या कडेला अरुंद काळपट पट्टी टोकापर्यंत सलग जाते. झोनाटा या दुसऱ्या जातीत ती तुटते, टोकाशी ठिपका उरतो. गिलके-कारल्यावरच्या माशीत पट्टी टोकाशी पसरते, पंखावर आडवा डाग असतो आणि पाठीवर मधोमध तिसरी पिवळी रेघ.

खान्देशात गिलके नि पेरू शेजारी-शेजारी असतात, म्हणून हा फरक पैशाचा आहे: मिथाईल युजेनॉल या आमिषाच्या सापळ्यात डॉर्सॅलिस आणि झोनाटाचे नर येतात, गिलक्यावरच्या माशीला क्यूल्यूर हे वेगळं आमिषच लागतं. माशी डबीत घालून काही मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, सुस्त झाली की पांढऱ्या कागदावर सरळ वरून आणि बाजूने फोटो काढा. कोषातून नुकती निघालेली माशी फिकट असते, तिला साखरपाण्यावर दोन-तीन दिवस ठेवून मगच. आणि डॉर्सॅलिसच्या जवळच्या जाती? त्या फोटोवरून खात्रीने सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.