गोंयकार गप्प होते, हे साफ खोटं आहे

जून महिना लागला की एक मजकूर आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हटकून येतो. यंदा तो तिघांकडून आला, त्यातला एक माझा सख्खा मामेभाऊ. मजकूर थोडक्यात असा: 'गोवा पहिल्यापासून सुशेगाद, म्हणजे निवांत. साडेचारशे वर्षं गोवेकरांनी पोर्तुगिजांविरुद्ध ब्र काढला नाही. 1946 च्या अठरा जूनला बाहेरचे राममनोहर लोहिया आले, भाषण करून गेले. मग लष्कर आलं आणि 36 तासांत आयतं स्वातंत्र्य हातात पडलं. मैदानात बसून घोषणा द्यायची सवय अलीकडची, तीही बाहेरून आलेली, आणि रस्ते अडण्यापलीकडे तिच्यातून कधी काही निघालेलं नाही.' खाली तिरंगा आणि जोडलेले हात.

त्या मामेभावाला, दादाला, मी फोनवर समजावून पाहिलं. 'अगं, सगळेच पाठवतात,' म्हणाला. सगळेच पाठवतात म्हणूनच हे लिहायला बसले.

आधी ते साडेचारशे. पोर्तुगीज 1510 मध्ये तिसवाडीत आले, बारदेश आणि सासष्टी 1543 मध्ये त्यांच्याकडे गेले. आम्ही राहतो तो फोंडा तालुका त्यांच्या ताब्यात आला 1763 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये. म्हणजे आमच्या अंत्रूजात, फोंड्यात, त्यांची दोनशे वर्षंही भरली नाहीत. एकच आकडा सगळ्या गोव्यावर फिरवला की निम्म्या गोव्याचा इतिहास पुसला जातो, मग तिथल्या लोकांनी काय केलं हे विचारायलाही कोणी उरत नाही.

आणि ब्र काढला नाही? कुंकळ्ळीचे गावकर 1583 मध्ये उठले. 1787 मध्ये कांदोळीच्या पिंटोंच्या घरात शिजलेला कट फुटला आणि पंधरा जणांना देहदंड झाला, त्यांत ख्रिस्ती धर्मगुरूही अडकले होते. सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याची बंडं शाळेच्या पुस्तकात आहेत, 1852 चं दीपाजींचं आणि 1895 चं दादा राण्यांचं. ही नावं निदान ऐकलेली तरी असतात. मडगावचा 21 सप्टेंबर 1890 मात्र फारसा कोणाला आठवत नाही, आणि आपला विषय चौकात-मैदानात जमण्याचा आहे तर तोच आधी सांगायला हवा. त्या दिवशी नगरपालिकेची निवडणूक होती. एका बाजूला सरकारच्या मर्जीतला पक्ष, दुसऱ्या बाजूला स्थानिकांचा 'पार्तिदु इंदियानु'. मतदान होली स्पिरिट चर्चमध्ये होतं आणि समोरच्या चौकात लोक जमले होते. सैनिकांनी त्या गर्दीवर गोळ्या झाडल्या आणि माणसं तिथेच पडली. आज आपण त्या चौकातून स्कूटर घेऊन फेस्ताच्या बाजाराला जातो. मतदानाच्या दिवशी गोळी खाल्लेल्या माणसांना 'ब्र न काढणारे' म्हणायला जीभ कशी रेटते?

आता सुशेगादपणाबद्दल. हा शब्द आपण पर्यटकांना विकता विकता स्वतःच खरा मानायला लागलो आहोत. सालाझारच्या राजवटीत 1930 नंतर सभा घ्यायला परवानगी लागे आणि छापायच्या मजकुरावर सेन्सॉर होता. हे किती खाली झिरपलं होतं ते मला आजोबांकडून कळलं. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेचा कच्चा कागद घेऊन ते आधी कचेरीत गेले. छापखान्यातला माणूस शिक्क्याशिवाय खिळे जुळवायला तयारच नव्हता. कागदावर काय होतं? कुलदेवतेचं नाव, मुहूर्त, आणि 'अगत्य येण्याचे करावे'. तेवढ्यासाठी दोन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला, आजोबा सांगत, कारकुनाने 'अगत्य' या शब्दाचा अर्थ विचारला. हे सांगताना ते अर्ध्यावरच थांबायचे. ज्या मुलखात लग्नाचं आमंत्रण तपासलं जातं, तिथला शांतपणा हा लोकांचा स्वभाव म्हणून मोजायचा नसतो.

या बंदोबस्तातही आवाज उठत होता. चांदरच्या लुईस दि मिनेझीस ब्रागांझांनी 1930 मध्ये विधिमंडळात ठराव मांडून गोव्याला स्वयंनिर्णयाचा हक्क आहे असं म्हटलं. टी. बी. कुन्हांनी त्याआधीच, 1928 मध्ये, गोवा काँग्रेस समिती स्थापन केली होती.

लोहिया बाहेरचे होते हे खरंच आहे, पण ते आले कोणाकडे? असोळण्याच्या डॉ. जुलियांव मिनेझीसांकडे. दोघे बर्लिनमध्ये बरोबर शिकलेले. लोहिया तुरुंगातून सुटले होते, प्रकृती खालावली होती, विश्रांतीसाठी म्हणून ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात असोळण्याला आले. ते आल्याचं कळल्यावर लोकच त्यांच्याकडे जाऊ लागले, इथे सभा घेता येत नाही, लिहिता येत नाही अशी गाऱ्हाणी घेऊन. अठरा जूनची सभा त्या भेटींतून ठरली.

त्या दिवशी मडगावात पाऊस कोसळत होता. या दोघांना आणू नका अशी टॅक्सीवाल्यांना तंबी होती, म्हणून ते घोडागाडीतून आले. अधिकारी मिरांडाने पिस्तूल काढलं, लोहियांनी त्याचा हात धरून बाजूला सारला. दोघांनाही अटक झाली. इतकं सगळे सांगतात आणि इथेच थांबतात. मला मात्र त्या पावसात उभ्या असलेल्या माणसांबद्दल बोलायचं आहे. सभेवर बंदी आहे हे त्यांना माहीत होतं, समोर हत्यारी पोलीस होते, घरी म्हातारे आईबाप होते, मिरगाची कामं अंगावर होती. तरी ती आली. लोहियांना सरकारने हद्दीबाहेर घालवलं, या माणसांना मात्र त्याच गावात, त्याच पोलिसांच्या नजरेखाली राहायचं होतं. आणि चळवळ पुढे नेली ती त्यांनीच. काही आठवड्यांत टी. बी. कुन्हांना पकडून लष्करी न्यायालयापुढे उभं केलं, आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात टाकलं. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांनाही समुद्रापार धाडलं. ही सगळी इथली माणसं. लोहिया सप्टेंबरात पुन्हा आले तर कुळे स्टेशनवरच त्यांना पकडून आग्वादच्या तुरुंगात ठेवलं. दादा, 'भाषण करून गेले' म्हणतोस, पण ते भाषण त्यांना धड करूसुद्धा दिलं नव्हतं.

36 तासांबद्दल मी जपून लिहिते, कारण डिसेंबर 1961 मध्ये आपले जवान इथे प्राणाला मुकले आहेत आणि त्यांचं ऋण फिटणारं नाही. पण 'आयतं' हा शब्द मला सहन होत नाही. अस्नोड्याचा बाळा राया मापारी फेब्रुवारी 1955 मध्ये पोलिसांच्या मारहाणीत गेला. त्याच वर्षी 6 एप्रिलला म्हापशात नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनात सुधाताई जोशी अध्यक्षपदावरून उभ्या राहिल्या आणि तिथेच पकडल्या गेल्या. मराठी वाचकांना त्यांचे पती महादेवशास्त्री माहीत असतात. सुधाताईंनी भर म्हापशात काय केलं हेही माहीत असू द्या. पंधरा ऑगस्टला नि:शस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून आले, त्यांच्यावर गोळीबार झाला आणि वीसहून जास्त माणसं मेली. पत्रादेवीला त्यांचं स्मारक आहे, सावंतवाडीकडून येताना ते लागतंच. मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगातच होते, सुटले 1969 मध्ये. त्यांच्यासाठी ते 36 तास कितीचे झाले?

राहिला शेवटचा मुद्दा, मैदानात बसून काही मिळत नाही हा. पणजीच्या आझाद मैदानाकडेच बघा. पूर्वी तो गोवा जिंकणाऱ्या आफोंसु द आल्बुकेर्कच्या नावाचा चौक होता आणि 1847 मध्ये बांधलेल्या मंडपात त्याचा पुतळा होता. जुन्या गोव्यातल्या पडक्या चर्चचे खांब आणून तो मंडप उभारलेला. मुक्तीनंतर पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात गेला, आणि त्याच खांबांमध्ये आता टी. बी. कुन्हांचं स्मारक आहे. 1958 मध्ये ते मुंबईत वारले, त्यांना मुक्त गोवा बघायला मिळाला नाही.

त्यांच्यासमोर बसून, उभं राहून, कधी उपाशी राहून लोकांनी काय मिळवलं? सत्तरच्या दशकात ट्रॉलरांनी किनारा खरवडायला घेतला तेव्हा रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार, एकवटले. माथानी साल्ढाणांसारखी माणसं त्यांच्यासोबत उभी राहिली आणि 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. विद्यार्थ्यांनी 1978-79 मध्ये बसच्या अर्ध्या तिकिटासाठी रस्त्यावर उतरून ते मिळवलं. मी त्याच सवलतीवर कॉलेज केलं. नायलॉनच्या कारखान्याविरुद्ध आमच्याच तालुक्यातलं केरी उठलं, 23 जानेवारी 1995 ला गोळीबारात निलेश नाईक गेला, आणि कारखाना शेवटी गोव्याबाहेर गेला.

डिसेंबर 2006 चं मात्र मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा 'प्रादेशिक आराखडा 2011' जाहीर झाला होता. गोवा बचाव अभियानाची माणसं गावोगाव नकाशे घेऊन फिरत होती. आमच्याकडे देवळाच्या अग्रशाळेत नकाशा जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवले. शेजारचे एक म्हातारे भाऊ गुडघ्यांवर बसून बोटाने आपली कुळागराची, पोफळीच्या बागेची, जागा शोधत होते. सापडली तेव्हा ती जागा हिरवी नव्हती, वस्तीचा रंग देऊन मोकळे झाले होते. 'म्हाका कोणेंच विचारूंक ना,' एवढंच ते बोलले. 18 डिसेंबरला, मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी, ते आमच्याबरोबर बसने पणजीला आले. जन्मात कधी मोर्चाला न गेलेला माणूस आझाद मैदानात छत्री टेकून शेवटपर्यंत उभा होता. पुढच्या महिन्यात सरकारने आराखडा मागे घेतला. त्या बसमध्ये बाहेरचं कोण होतं ते मला कोणी सांगावं.

सगळंच उजळ होतं असं मी म्हणणार नाही. डिसेंबर 1986 मध्ये राजभाषा कोकणी की मराठी या वादात सात जीव गेले, गावं गावांवर उठली. मी मराठीत लिहिते, मराठीत शिकवते, घरात अर्धं कोकणी बोलते, आणि त्या महिन्याची आठवण मला आजही नको वाटते. तेवढ्यावरून मैदानच नको म्हणणं मला पटत नाही. त्यानंतरच्या काळात, 2011 पासून, भारतीय भाषांच्या शाळांसाठी माजी मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर याच आझाद मैदानात उभ्या राहिल्या तेव्हा मराठी आणि कोकणीवाले एका मांडवात बसले होते. मीही होते.

रस्ते अडतात, होय. मार्च 2018 मध्ये खाणींवर पोट असलेल्यांनी मांडवीचे पूल अडवले तेव्हा मी स्वतः पर्वरीला तासन्‌तास अडकले होते आणि चिडले होते. पण खाण बंद झालेल्या माणसाने मग कुठे जाऊन सांगायचं? आणि चांदरला 1 नोव्हेंबर 2020 च्या रात्री रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध हजारो लोक मेणबत्त्या घेऊन रुळांवर उतरले, पहाटेपर्यंत हलले नाहीत. त्याच मार्गाच्या मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली. हे तेच चांदर, लुईस दि मिनेझीस ब्रागांझांचं.

दादा, पुढच्या जूनला तो मजकूर आला की पाठवण्याआधी मामांकडे जाऊन बस. त्या लग्नपत्रिकेच्या दुसऱ्या खेपेला आजोबांचं बोट धरून कचेरीत गेलेला सहा वर्षांचा मुलगा तेच होते.