थायरॉइडचे डोळे आणि ‘एका इंजेक्शन’चा फॉरवर्ड

‘थायरॉइडमुळे बाहेर आलेले डोळे जीन थेरपीच्या एकाच इंजेक्शनने कायमचे बरे. बिघडलेलं जनुक दुरुस्त होतं. ८३ टक्के यश. स्टेरॉइड, ऑपरेशन काही नको.’ अशा अर्थाचा मजकूर फॅमिली ग्रुपांवर फिरतोय.

जनुक दुरुस्त होतं, पण कोणतं? या आजाराला असं एकच बिघडलेलं जनुक नाहीच. प्रतिकारशक्ती थायरॉइडच्या टीएसएच रिसेप्टरविरुद्ध, म्हणजे पेशीवरच्या हार्मोनचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाविरुद्ध, अँटिबॉडी बनवते. तोच रिसेप्टर डोळ्यामागच्या पेशींवरही असतो, सोबत आयजीएफ-१ हा आणखी एक रिसेप्टर. त्या पेशी चेतल्या की स्नायू आणि चरबी सुजते. खोबण हाडाची, त्यामुळे डोळा पुढे ढकलला जातो. घराण्यात थायरॉइड असेल तर धोका वाढतो हे खरं, पण सिगारेटनेही तो वाढतो. आरपीई६५ या एका जनुकातल्या दोषाने दृष्टी जाते, तिथे निरोगी जनुक पोचवणारी लक्स्टर्ना ही जीन थेरपी अमेरिकेत २०१७ साली मंजूर झाली. ते गणित इथे लागू नाही.

इथे संशोधक वेगळंच करू पाहताहेत: निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून असं जनुक द्यायचं, की शरीर स्वतःच आयजीएफ-१ रिसेप्टर अडवणारी अँटिबॉडी बनवेल. कल्पना हुशारीची आहे. मंजूर उपचार मात्र अजून एकही नाही.

८३ टक्के हा आकडा खरा, फक्त दुसऱ्याचा! तो टेप्रोटुमुमॅबचा. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं हे औषध म्हणजे आयजीएफ-१ रिसेप्टर अडवणारी तयार अँटिबॉडी. दर तीन आठवड्यांनी एक, अशी आठ वेळा शिरेतून देतात. चाचणीत २४व्या आठवड्याला ८३ टक्के रुग्णांचा डोळा किमान २ मिलिमीटर आत गेला होता. नुसतं सलाईन मिळालेल्यांत १० टक्क्यांचा. यात काहींची ऐकण्याची शक्ती कमी होते, साखर वाढते. तेव्हा पुढचा डोस थांबवता येतो.

म्हणूनच ‘कायमचं’ या शब्दाची मला धास्ती वाटते. आत गेलेलं जनुक परत काढता येत नाही. शिवाय सूज बहुतेकांत दीड-दोन वर्षांत आपोआप ओसरते. त्यासाठी अँटिबॉडी वर्षानुवर्षं बनत राहावी का, याचं उत्तर आधी चाचण्यांतून यायला हवं.

‘स्टेरॉइड, ऑपरेशन नको’ हे तर सरळ घातक. सुजलेले स्नायू डोळ्याची नस दाबू लागले, तर आधी शिरेतून स्टेरॉइड आणि उतार पडला नाही तर खोबणीचं हाड काढून जागा करणं, हाच आजचा मार्ग. लाल रंग फिका दिसू लागला, नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.