सरका ना काका

आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचं विसर्जन होऊन दोनच दिवस झाले होते. कट्ट्यावर बोलणं तिच्या प्रसादाच्या रोटांवरून सुरू झालं, मग पावसावर आलं आणि मी नववीच्या पोरांचं नाटक बसवतोय हे कुणीतरी काढल्यावर तिथेच अडकलं. साडेआठला वहिनींनी टपरी आवरायला घेतली तरी आम्ही उठलो नव्हतो.

आमचा कट्टा अमळनेरला, बसस्टँडपासून चार पावलांवर. बापू कापसाचे व्यापारी, घरात दोन मुली आणि शिकायला ठेवलेली एक पुतणी. आप्पा निवृत्त मुख्याध्यापक. नानांचं अर्धं आयुष्य तमाशाच्या तंबूत गेलं. एक वकीलसाहेब, आणि मी मराठीचा मास्तर. त्या दिवशी आमच्या भागातल्या आशाताईही चहाला थांबल्या होत्या, लसीकरणाच्या याद्या पोचवून घरी जाता जाता.

"नाटक कशावर?" बापूंनी विचारलं.

"मुलामुलींच्या अंगाला कुणी नको तसा हात लावतं, त्यावर." आडवळणाने सांगायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं.

बापूंनी कप खाली ठेवला. "मास्तर, जे त्यांच्या डोक्यात नाही ते तुम्ही घालणार. आणि उद्या एखादी पोर स्टेजवर ते काम करील, गाव म्हणेल हिच्यासोबतच झालं असेल. पोरीचं नाव निघायला एवढं पुरतं."

यातला दुसरा मुद्दा मी मनापासून मानतो. म्हणूनच आमच्या तालमीत कुठलीच भूमिका कुणाच्या नावावर नाही. रोज चिठ्ठ्या टाकतो. त्रास सोसणाऱ्या मुलीचं काम कधी मुलगी करते, कधी मुलगा. पण 'डोक्यात नाही' हे मी मानायला तयार नव्हतो. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला होता. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी सांगितलं की आपल्यावर कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झालेला आहे. निम्म्याहून जास्त. आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे अधिकच होते.

"मुलगे?" बापूंना ते पटेना.

"मी वसतिगृहाचा रेक्टर होतो, बापू," आप्पा म्हणाले. "खरं आहे ते." आणि त्याच्यापुढे ते काही बोलले नाहीत.

वकीलसाहेब नाव निघण्याच्या मुद्द्यावरच थांबले होते. "१९९४ ला जळगावचं प्रकरण बाहेर आलं, आठवतं ना? शाळा-कॉलेजातल्या मुली. फोटोंची भीती घालून वर्षानुवर्षं चाललेलं. एवढा गाजावाजा झाला, पण कोर्टात उभं राहायला किती जणी पुढे येऊ शकल्या? नाव निघेल ही भीतीच त्या लोकांचं हत्यार होती. आपण तेच बोलतो तेव्हा त्या हत्याराला धार लावतो."

"मला दोन मुली आहेत," बापू चिडून म्हणाले. "मी धार लावतोय?"

आप्पांनी मध्ये पडून विषय शाळेवर आणला. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचारानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, शासनाने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती सगळं बंधनकारक केलं. ते नीट राबवलं तर नाटकाची गरज काय, असं त्यांचं म्हणणं. आप्पांनी तीस वर्षं शाळा नियमाने चालवली, त्यामुळे ते उगाच बोलत नव्हते. मी त्यांना एका शाळेत पाहिलेली पेटी सांगितली. मुख्याध्यापकांच्या दाराला लागून भिंतीवर, बरोबर वर कॅमेरा. तिथवर जायला अख्खा व्हरांडा सगळ्या वर्गांसमोरून ओलांडायचा. किल्ली कुणाकडे आहे हे शिपायालाही सांगता आलं नाही. पेटी हवीच, पण ती अशी लावली तर तिच्यात चिठ्ठी पडायची नाही. आणि चिठ्ठी लिहायला तरी आधी शब्द सापडावे लागतात.

मग मी मागच्या गुरुवारची तालीम सांगितली.

प्रसंग चोपड्याच्या एसटीतला. खिडकीशी मुलगी, शेजारी पन्नाशीचा माणूस, त्याचं कोपर हळूहळू सरकत येतंय. मुलीने एकच शब्द बोलायचा: सरका. त्या दिवशी चिठ्ठी जिला आली तिने वर्गात निबंध वाचला की शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत ऐकू येतं. इथे तिच्या तोंडून आलं, "सरका ना काका." पुन्हा करायला सांगितलं तर "काका, थोडं सरका ना." तिसऱ्यांदा त्याला 'प्लीज' लागलं. मी म्हणालो, 'ना' काढून टाक. निघेना. मोठ्या कष्टाने 'ना' सुटला तर 'काका' चिकटून राहिला. आपल्याकडे अनोळखी माणूसही काका असतो, मामा असतो, आणि काकाला हुकूम सोडायचा नसतो हे लेकराला बोलायला येण्याआधी शिकवलेलं असतं. सहाव्या की सातव्या वेळी ती नुसतं "सरका" म्हणाली. काकाचं काम करणारा मुलगा खरोखरच बाकाच्या टोकापर्यंत सरकला. तीच दचकली.

मुलगे तोवर हसत होते. मग चिठ्ठीत त्यांच्यातल्या एकाला मुलीची जागा आली. तो जाऊन बसला तो खिडकीत अर्धा वळून, दप्तर पोटाशी घट्ट, कोपर बरगडीला चिकटवलेलं, नजर बाहेर. मी त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं. असा का बसलास, विचारलं. म्हणाला, "ताई अशीच बसते. मला वाटायचं तिला खिडकी आवडते."

मुलांचं हसणं तिथे थांबलं.

"चांगलं आहे," आप्पा म्हणाले, "पण एका दिवसाचं, एका पोराचं. पुढे टिकतं का?"

हा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून वाचलं होतं. अमेरिकेत उत्तर कॅरोलायनात १९९४ साली १४ शाळांत आठवी-नववीच्या मुलांसाठी, मुलामुलींच्या जोड्यांतल्या मारहाणीविरुद्ध, 'सेफ डेट्स' नावाचा कार्यक्रम झाला. त्यात विद्यार्थ्यांनीच केलेलं नाटक होतं, वर्गातले १० तास होते आणि पोस्टरची स्पर्धा. काही शाळांत कार्यक्रम केला, काहींत नाही, आणि दोन्हीकडच्या मुलांना पुढे चार वर्षं विचारत राहिले. कार्यक्रम झालेल्या शाळांत मारहाण, जबरदस्ती कमी होती. अशा १४० अभ्यासांचा २०१४ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यातून दिसलं की एकदाच येऊन तासाभरात उरकलेल्या कार्यक्रमांनी वागणं बदलत नाही.

आप्पा एकदम सरसावून बसले. "म्हणजे दहा तास लागतात. मग मास्तर, गॅदरिंगमध्ये पंधरा मिनिटं मागू नका. कार्यानुभवाचे तास मागा. मी बोलतो हेडसरांशी." इतका वेळ विरोधात असलेला माणूस असा कामाला लागला की फार बरं वाटतं.

"सारखं अमेरिका काय?" नाना म्हणाले. "आपल्याकडे 'मुलगी झाली हो' १९८३ चं आहे. स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं. बायांनी गावोगाव केलं. आणि तमाशा तर त्याच्या कितीतरी आधीचा. लोकांना जे सांगायचं ते आपण फडावरूनच सांगत आलो."

"आणि गवळणीत काय सांगत आलो, नाना?" ताईंनी विचारलं. "मथुरेच्या बाजाराला निघालेल्या बायांची वाट अडवायची, दाण म्हणजे जकात मागायची, आणि लोकांनी हसायचं. माझ्या माहेरी जत्रेत तमाशा बघितलेली पोरं दुसऱ्या दिवशी विहिरीच्या वाटेवर आम्हाला तेच करायची."

नानांना लागलं ते. "तुले काय समजस तमाशातलं! मावशी बघितली का? किसनाला, पेंद्याला जागच्या जागी उत्तर देते ती."

"मावशीचं काम पुरुष करतो, नाना. म्हणून ती तोंडाला तोंड देऊ शकते. मी भर रस्त्यात तसं बोलले तर मला काय म्हणतील?"

नानांकडे याला उत्तर नव्हतं. पण मला नानांची गवळण सोडवेना. ब्राझीलचा नाटककार ऑगस्तो बोआल १९७३ साली पेरूमध्ये साक्षरतेच्या मोहिमेत नाटकं करत होता. नाटक मध्येच थांबवून बघणाऱ्यांना विचारायचे, हिने आता काय करावं? नवऱ्याने फसवलेल्या एका बाईची गोष्ट होती. समोरची एक बाई म्हणाली, त्याच्याशी स्पष्ट बोलावं. नटांनी बोलून दाखवलं. ती म्हणे, असं नाही. पुन्हा केलं, तरी असं नाही. शेवटी तिलाच वर बोलावलं, तर तिने झाडू उचलून नवऱ्याला झोडपला. 'स्पष्ट बोलणं' म्हणजे तिला काय म्हणायचंय, हे ती स्वतः उभी राहीपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. बोआलने पुढे नाटकाची सगळी रीतच तशी केली: बघणाऱ्याने उठायचं आणि पात्राच्या जागी उभं राहायचं.

"मग नाना, आपण गवळण तशीच घेऊ," मी म्हणालो. "वाट अडवली की ढोलकी बंद. बघणाऱ्या मुलीला म्हणायचं, ये, आता तू हो गवळण. आणि मुलाला म्हणायचं, तू पेंद्या. तुझा दोस्त वाट अडवतोय, तू बाजूला उभा आहेस. तू काय करणार?"

"पेंद्या," नाना स्वतःशीच म्हणाले. "पेंद्याला आजवर कुणी विचारलं नाही." ढोलकीवाला ते आणणार आहेत.

वकीलसाहेब मात्र खूश नव्हते. "नाटक संपल्यावर एखादं पोर येऊन म्हणालं, सर, माझ्यासोबत असंच झालंय, तर? मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. कलम १९ प्रमाणे तुम्हाला पोलिसांना कळवावंच लागेल. शाळेचं नाव जाईल म्हणून दाबलं तर कलम २१, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद. म्हणून 'कुणाला सांगणार नाही' असं वचन पोराला कधी देऊ नका." जबाब पोराच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि वर्दीशिवाय, हेही त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर फळ्यावर लिहून ठेवलाय. नंबर लावायच्या आधी पोर घरी जातं, ते म्हणाले.

"सर, तुमच्या नाटकात आई आहे का?" ताईंनी विचारलं.

"आहे की. शेवटी मुलगी आईला सांगते, आई तिला जवळ घेते आणि दोघी पोलिसांत जातात."

"माय व! ही कुठली आई? मी रोज घरं फिरते, मला नाही भेटली." त्या बापूंकडे वळल्या. "बापू, मी तुमची पुतणी. शाळेतून आलेय. 'काका, मला उद्यापासून शिकवणीला नाही जायचं. ते सर पाठीवरून हात फिरवतात.'"

बापू ताडकन म्हणाले, "कोण सर? आणि तू एकटी थांबतेस कशाला तिथं?"

"झालं," ताई म्हणाल्या. "आता ती परत सांगणार नाही."

बापूंचा चेहरा उतरला. त्यांचा राग खरा होता, मायाही खरी होती, आणि तरी तोंडातून पहिलं आलं ते 'कशाला'. दोन महिने मी पोरांच्या तोंडात शब्द बसवत होतो. ऐकणाऱ्याची तालीम कुणी घ्यायची, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. आई म्हणून मी कागदावर एक सोपी बाई लिहून मोकळा झालो होतो.

बापूंनी पुन्हा करून पाहिलं. "त्याचे हातपाय तोडतो!"

"आता ती घाबरली. काका तुरुंगात जाणार, तेही माझ्यामुळे, असं वाटेल तिला."

"मग म्हणायचं तरी काय?"

"'सांगितलंस ते बरं केलंस.' आणि 'तुझी चूक नाही.' मग गप्प बसायचं. ती बोलेल तेवढं ऐकायचं, खोदून विचारायचं नाही."

बापू ते दोनदा पुटपुटले. जीभ अडखळत होती. त्या मुलीच्या तोंडातला 'ना' सुटत नव्हता, तसं यांच्या तोंडात हे बसत नव्हतं.

ठरलं असं की मुलांच्या आधी पालकसभेत हाच प्रसंग करायचा. आप्पा मुख्याध्यापक, ताई पुतणी, आणि काकाच्या जागी प्रत्येक पालकाला एकेकदा उभं करायचं. सुरुवात बापूंपासून. ते नाही म्हणाले नाहीत.

सगळे उठले. बापूंनी स्कूटरला किल्ली लावली, चालूही केली, मग बंद करून परत आले.

"ताई," ते म्हणाले, "ते पुतणीचं वाक्य एकदा परत म्हणा बरं."